पिवळ्या रेघेचं कुलूप

मला ओढू नका, आधी ऐका. मी कुलूप बोलतोय. कुरुळीतल्या भाड्याच्या चौथ्या खोलीचं.

आम्रपालीच्या पप्पांनी मला चाकणच्या बाजारातून आणलं. त्यांची कंपनीत पहिली शिफ्ट, आई कँटीनच्या कामाला. त्यामुळे मला लावायचं काम आम्रपालीचं. ती दहावीत होती. शाळेला निघताना लावायची, एकदा ओढून बघायची आणि जायची.

पावसाळ्यात शेजारच्या खोलीत चोरी झाली. तेव्हापासून ती मला तीनदा ओढू लागली. मग सात वेळा. मध्ये कुणी बोललं की पुन्हा एकपासून. स्टॉपपर्यंत जाऊन ती परत यायची.

घरमालकीण चतुराबाई हसायच्या. "काय गं, सोन्याचा हंडा पुरलाय व्हय आत?"

आम्रपाली मान खाली घालायची आणि पुन्हा एकपासून मोजायची.

पप्पांना मात्र कौतुक. "आमच्या लाइनवर अशीच माणसं पाहिजेत. एक पीस रिजेक्ट होणार नाही."

कंपनीत बोल्ट आवळला की त्यावर पिवळ्या मार्करने रेघ मारतात. रेघ दिसली की काम झालं, पुन्हा हात लावायचा नाही. पप्पांनी तो मार्कर घरी आणला आणि माझ्या दांडीपासून अंगापर्यंत रेघ ओढली. "रेघ जुळली की कुलूप लागलं. बघायचं आणि निघायचं."

आता ती मला ओढायचीही आणि रेघही बघायची, श्वास रोखून. रेघ जुळलेली असायची. तिला ते दिसायचंही. तरी हात सुटायचा नाही. तिचा तळवा माझ्या दांडीने सोलला होता.

बोर्डाच्या विज्ञानाच्या पेपरला ती स्टॉपवरून तीनदा परत आली. बस गेली. तिने मला पुन्हा ओढलं आणि इतक्या महिन्यांत झिजलेली माझी दांडी खटकन सुटली. दार उघडं पडलं.

ती पायरीवर बसली. चतुराबाईंच्या फोनवरून तिने आईला फोन केला.

"आई, कुलूप लागलेलं होतं. रोजच लागलेलं असतं. मला माहीत असतं, तरी हात सुटत नाही. ही काळजी नाही गं. मला काहीतरी झालंय."

पलीकडून आई म्हणाली, "रिक्षा कर बाळा. आधी पेपरला जा."

"दार उघडंय."

चतुराबाई आता हसत नव्हत्या. "मी बसते हितं दाराशी. तू पळ."

ती पळाली. दोनदा मागे वळून बघत. परीक्षा केंद्राचं फाटक बंद झालेलं होतं.

मी आता खाटेखालच्या पत्र्याच्या डब्यात आहे. दारावर नवं कुलूप आहे. आज सकाळी त्याचा आवाज मी नऊ वेळा ऐकला. शुक्रवारी आई तिला डॉक्टरांकडे नेणार आहे. नव्या कुलपावर पप्पांनी रेघ मारलेली नाही. मार्कर माझ्याशेजारीच पडलाय.

माझी दांडी परत बसवली तर पिवळी रेघ अजूनही सरळ जुळते. बघणाऱ्याला वाटेल, सगळं ठीक आहे. म्हणून सांगतो, नुसती रेघ बघून निघू नका. दाराशी थांबलेल्या पोरीला हसू नका, शाबासकीही देऊ नका. एकदा जवळ बसून विचारा, "हात सुटत नाही का गं?"