भीमाबाईंच्या डाव्या कानापुढचा सांधा

भीमाबाईंच्या धाकट्या लेकीचं, चंद्रप्रभेचं, बारसं दिल्ली छावणीतल्या क्वार्टरमध्ये झालं, ते साल १९६२. त्याच हिवाळ्यात माझं दुखणं सुरू झालं. मित्रांनो, मी एक जुना सांधा आहे. भीमाबाईंच्या डाव्या कानापुढे, जबडा जिथे कवटीला मिळतो, तिथे मी राहतो. स्वतःच्या कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा, तुमच्याकडचा माझा भाऊबंद हलताना लागेल.

माझ्या दोन हाडांमध्ये एक पातळ, लवचिक चकती आहे. तिच्यामुळे मी न घासता सरकतो. ऊस सोलणं, भाकरी चावणं, हसणं, पोरांवर ओरडणं, सगळं मी आनंदाने केलं.

मग भीमाबाईंचे यजमान, हवालदार संपतराव, सीमेवर निघाले. शिपाई निघताना बायकांनी रडायचं नाही, अपशकुन होतो, अशी त्यांच्या गावची रीत. भीमाबाई रडल्या नाहीत. त्यांनी दात आवळले. संपतराव सुखरूप परतले, पण ती सवय राहिली. पोळ्या लाटताना, झोपेतसुद्धा दातांवर दात दाबलेले. त्या दाबाने माझी चकती जागेवरून घसरू लागली. तोंड उघडलं की मी कट्‌ वाजायचो.

शेजारच्या तानूबाई हसायच्या, "भीमे, बोलतेस का सुपारी फोडतेस गं?"

कळ कानापासून दाढेपर्यंत जायची, म्हणून सगळ्यांनी दाढेलाच दोष दिला. बाजारात फुटपाथवर बसणाऱ्या एकाने डावीकडच्या दोन दाढा उपटल्या. "अब बिल्कुल आराम, माताजी," तो म्हणाला. त्या दाढांना कीड नव्हती. भीमाबाई उजवीकडूनच चावू लागल्या आणि माझ्यावर वाकडा भार आला.

१९७१च्या ऑक्टोबरात माझा आवाज एकाएकी थांबला. घरात वाटलं, बरं झालं. बरं कुठलं! चकती पुढे सरकून तिथेच अडकली होती. तोंड जेमतेम एक बोट उघडायचं.

त्याच आठवड्यात थोरला शहाजी पलटणीबरोबर निघाला. भरती होऊ नको म्हणून आई त्याच्याशी भांडली होती. वर्षभर दोघांत धड बोलणं नव्हतं. स्टेशनवर तो डब्याच्या खिडकीतून वाकला.

"येतो आई. अजून रागावलीस? नुसतं 'ये' तरी म्हण."

राग कधीच गेला होता. भीमाबाईंनी बोलायला जोर लावला, आणि रडू फुटू नये म्हणून दातही आवळले. मी जीव तोडून सरकू पाहिलं. चकती हलेना. दातांमधून नुसतं रागीट गुरगुरणं बाहेर आलं.

"बरं, नको बोलूस," शहाजी म्हणाला आणि आत वळला. गाडी सुटली.

भीमाबाईंना लिहिता येत नव्हतं. तानूबाईंच्या लेकीकडून त्यांनी पत्र लिहवून घेतलं. ते न उघडलेलं परत आलं.

पुढे एका मराठी डॉक्टरीणबाईंनी मला बोटांनी चाचपलं. "दाढेचं नव्हतंच हो हे. ओठ मिटलेले असू द्या, पण दात एकमेकांना लावू नका." शेक, मऊ जेवण, हलका व्यायाम. जानेवारीत तोंड तीन बोटं उघडलं. त्या दिवशी भीमाबाई तोंड उघडून रडल्या. मी त्यांना अडवलं नाही.

मित्रांनो, दात उपटण्याआधी दुखणं कुठलं ते विचारा. आवाज थांबला आणि तोंडही उघडेना, तर बरं झालं असं समजू नका. रडू आलं तर रडा. सांध्यावर ढकलू नका. मी हाडाचा आहे, पण इतका भार मला पेलत नाही.

शहाजी १० डिसेंबर १९७१ रोजी पश्चिम सीमेवर मारला गेला. तो एकोणीस वर्षांचा होता.