चिंचबनाची राखण

झाडं लावायची म्हणून आधी झाडं तोडायची, ही अक्कल आमच्या जुन्या जालन्यालाच सुचू शकते. दुसऱ्या गावात एवढी हुशार माणसं न्हाईत.

निजाम जाऊन चार-पाच वर्सं झाल्ती. सरकारनं वनमहोत्सव काढला आणि हैदराबादचा कुणी मोठा साहेब सवताच्या हातानं झाड लावायला येणार, अशी बातमी आली. लगेच बाजारातल्या सेठलोकांनी कमिटी केली. कमिटीचा मुख्य कचरूलाल सेठ, गुळाचा आडत्या. साहेबाला मांडव पायजे, मोटार उभी करायला जागा पायजे, बँडवाले पायजेत. आता गावाला लागून एवढी मोकळी जागा कुठून आणायची? मंग काय, मोंढ्यामागचं, म्हंजे धान्याच्या बाजारामागचं, चिंचबन साफ करा आणि तिथं झाडं लावा! कमिटीनं टाळ्या वाजवल्या म्हणे.

त्याच बनात उन्हाळाभर माझ्या शेळ्या दुपारच्या बसायच्या. मी साखराबाई, धनगराची. नवरा लवकर गेला, शेळ्यांच्या दुधावर माझं पोट. वैशाखात मोंढ्यात पाय ठेववत न्हाई, पण बनात शिरलं का अंगावरचा घाम वाळायचा. हमाल पोती टाकून तिथंच आडवे व्हायचे. गावातले आड तळाला गेले तरी बनातल्या आडाला पाणी राह्यचं, निम्मं गाव तिथं घागरी घेऊन यायचं. ते बन गेलं असतं तर उन्हात शेळ्या जगल्या नसत्या, आणि मला भोकरदनला भावाच्या दारात जाऊन पडावं लागलं असतं. माझी भावजय काय चीज आहे ते मलाच ठाऊक.

मी सेठच्या गादीवर गेले. म्हणलं, "सेठजी, झाडं तोडून झाडं लावायची?"

"तुला समजणार नाही, साखराबाई. ती जुनी झाडं. ही नवीन, सरकारी."

"मंग त्यांची सावली कधी पडायची?"

"पडेल की. वीस-पंचवीस वर्षांत."

"तंवर शेळ्या कुठं बसवू? तुमच्या गादीवर?"

मुनीम हसला. सेठ हसला न्हाई. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडवाले आले आणि सांजपर्यंत दोन जुन्या चिंचा आडव्या झाल्या.

मंग मी सेठच्या आईला गाठलं. प्रेमबाई जैनाची, धर्माची लई पक्की. रोज सकाळी पिठात साखर कालवून बनात आणायची आणि चिंचेच्या बुडाशी मुंग्यांना घालायची. मुंग्यांच्या पोटात गेल्याबिगर ही पाण्याचा घोट घ्यायची न्हाई. मी म्हणलं, "माय, उद्या पीठ कुठं टाकशील? बुंधे निघाले का वारुळं उकरणार हायेत." म्हातारीचा चेहराच उतरला. घरी जाऊन म्हणाली, "कचरू, मुंग्यांचं घर मोडलंस तर मी अन्न सोडते बघ."

कचरूलाल आईला लई मानायचा. पण साहेब बी येणार होता. मंग त्यानं डोकं चालवलं. "मुंग्यांना आपण दुसरं घर देऊ!" जागा कुठली? म्हातारीला घरापासून जवळ पडावी म्हणून आपल्याच गोदामाच्या मागची. हमालाला हुकूम झाला, बनापासून तिथवर साखरेची धार धरीत ये. लेकाची वरात निघावी तसा सेठ पुढं चालत होता आणि मागं वळून मुंग्यांना "चला, चला" म्हणत होता. मी डोळ्यांनी पाह्यलंय.

मुंग्या आल्या की! बराबर आल्या. साखर संपल्यावर समोर भिंत आली, भिंतीला भेग होती, आणि भेगेपलीकडं मोसमाचा सगळा गूळ रचून ठेवलेला होता. सकाळी गोदाम उघडलं तर ढेपा काळ्याभोर आणि हलून राह्यलेल्या. आता झाडायचं कसं? झाडलं तर जीव मरतात. धुरी देतो म्हणाला तर म्हातारी दारातच बसली. "तूच बोलावलंस त्यांना, आता हाकलतोस?" गिऱ्हाईक येऊन ढेप बघायचं आणि राम राम करून निघून जायचं. शेवटी म्हातारी म्हणाली, "त्यांचं जुनं घर राहू दे, जातील आपल्या आपण." त्या मुंग्या गेल्या का गूळ फस्त करून थांबल्या ते त्यांनाच ठाऊक. कुऱ्हाडवाले मातर त्याच दिवशी घरी गेले.

मंग साहेब आला. बन बघून खुश झाला. "शहराला लागून एवढं जुनं बन राखलंत, कमाल आहे!" कचरूलालनं हात जोडले. म्हणाला, "लहानपणापासून आवड आहे साहेब, झाडांची." मला हसू बी येईना. दोन चिंचा पाडल्या त्या जागेवर साहेबानं गुलमोहराचं रोप लावलं, रोपाला झेंडूचा हार घातला, बँड वाजला. मोटार ठेसनापर्यंत बी पोचली नसंल, तंवर माझ्या काळ्या शेळीनं ते रोप हारासकट खाऊन टाकलं.

झालं! कमिटी पेटली. बनाला तारेचं कुंपण, फाटक, पाटी. "शेळ्यांना मनाई." मी म्हणलं, "सेठजी, तुमच्या कुऱ्हाडीनं दोन झाडं गेली, माझ्या शेळीनं एक रोप खाल्लं. कुंपण कुणाला पायजे?" तो पाटी सरळ करत राह्यला. प्रेमबाईला माझी दया आली. तिनं लेकाला सांगितलं, राखणीला साखराबाईलाच ठेव, महिन्याचा पगार दे. सेठ म्हणाला, ठेवतो, पण शेळ्या विकून ये. राखणदाराच्याच शेळ्या असल्या तर लोक काय म्हणतील?

बसायला जागा न्हाई तर शेळ्या जगवू कशा? इकल्या. मोंढ्यापलीकडच्या रखमाजीला दिल्या, त्याची नजर चांगली होती जनावरावर.

राखणीच्या पहिल्याच दिवशी दुपारी ऊन तापलं, आणि रखमाजीच्या दाव्यातून सुटून सगळ्या फाटकावर हजर. त्यांना काय ठाऊक, कोण इकलं आणि कुणी घेतलं. ऊन झालं का बनात जायचं, एवढंच त्यांना मी शिकवलेलं. काळीनं फाटकातून तोंड आत घातलं आणि माझ्याकडं बघून ओरडली. मी आतल्या अंगाला उभी, हातात कमिटीची काठी. तेवढ्यात टांग्यातून कचरूलाल आला आणि लांबूनच बोंबलला, "हाकल, हाकल!"

हाकलल्या. काळी जाईना, तिच्या पाठीत एक घातली सुद्धा. मंग चिंचेखाली जाऊन बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले. मेली ती सावली तशीच गार होती.