पळणारी नको, निघणारी हवी

मित्रांनो, मला खटारा म्हणा, म्हातारी म्हणा, मी रागावणार नाही. मी एक जुनी, छोटी, शेवाळी रंगाची एसयूव्ही आहे. माझ्या काट्यावर तीन लाख चार हजार किलोमीटर जमले आहेत, डाव्या दारावर रेनडिअरच्या शिंगाचा ओरखडा आहे आणि पोटात एक गुपित आहे. सात वर्षं ते मी डिकीतल्या फावड्यासारखं बरोबर घेऊन हिंडले. आज सांगूनच टाकते!

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. रंगाचा वास, आणि पुढे-मागे हुबेहूब माझ्यासारख्या बहिणी. माझं खरं आयुष्य सुरू झालं सुओमुसाल्मी या उत्तरेकडच्या बर्फाळ गावात, विर्पीच्या अंगणात. विर्पी नर्स आहे. जंगलात दूर दूर राहणाऱ्या नऊ म्हाताऱ्या माणसांकडे ती रोज जाते. त्यातले एल्यास आजोबा अगदी शेवटच्या टोकाला, सत्तेचाळीस किलोमीटरवर. त्यांना नीट दिसत नाही, म्हणून इन्सुलिनची सुई विर्पीच टोचते, सकाळी आठला. विर्पीची आधीची गाडी एका सकाळी निघालीच नाही. विर्पी कशीबशी पोचली तेव्हा दुपार झाली होती आणि एल्यास आजोबा खुर्चीत बसून बरळत होते. ते वाचले, पण विर्पीने त्याच दिवशी ती गाडी भंगारात दिली.

गावातल्या गाड्या विकणाऱ्याने तिला दोन गाड्या शनिवार-रविवारसाठी दिल्या. "वापरून बघ. सोमवारी एक परत आण," एवढंच म्हणाला. एक मी. दुसरी पांढरी. तिला टर्बो होता. स्कीच्या टेकडीचा चढ ती धुरासारखी चढली. मी अर्ध्यातच धापा टाकायला लागले, वर पोचले खरी, पण मागे एक ट्रॅक्टर येऊन थांबला होता. विर्पीची मुलगी पिह्ला तेव्हा नऊ वर्षांची होती. ती ओरडली, "आई, पांढरीच! ही हिरवी तर आजोबांसारखी चढते!"

पुढच्या सीटवर बसलेले आजोबा, म्हणजे विर्पीचे वडील ताइस्तो, म्हणाले, "आजोबा पोचतात की नाही शेवटी?"

विर्पीने वार्षिक तपासणीत किती गाड्या नापास होतात त्याची यादी छापून आणली होती. आम्हा दोघींची नावं त्यात एकाखाली एक होती. तिने कागदाचा बोळा केला. "मला पळणारी नको, निघणारी हवी. आज उणे एकतीस होणार आहे. दोघी बाहेर उभ्या राहतील. वायर कोणालाच लावायची नाही. सकाळी जी सुरू होईल ती आपली."

तुम्हाला वायर माहीत नसेल, मित्रांनो. आमच्या प्रत्येक अंगणात विजेचा एक खांब असतो. थंडीत त्याची वायर गाडीच्या नाकात खुपसतात, मग इंजिन गरम राहतं. वायर न लावता गाडी बाहेर सोडणं म्हणजे पोराला अनवाणी बर्फात पाठवणं!

तर ऐका, काय झालं. पहाटे पाच वाजता ताइस्तो आजोबा लाकडं आणायला बाहेर आले. डोळ्यांवर झोप, खांद्यावर कोट. माझ्यासमोर आले आणि पन्नास वर्षांच्या सवयीने त्यांच्या हाताने वायर उचलून मला लावली. झालं! माझ्या पोटात ऊब चढायला लागली. दीड तासाने ते पुन्हा बाहेर आले, वायर पाहिली आणि जागीच थिजले. "अरे देवा," एवढंच पुटपुटले. त्यांनी ती उपसली, गुंडाळून खांबावर ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच कोणाला सांगणार होते.

सातला विर्पी आली. पांढरी दोनदा खर्र खर्र करून गप्प झाली. मी पहिल्या किल्लीत सुरू झाले. विर्पीने माझ्या बॉनेटवर थाप मारली, "शाब्बास गं माझी बाई!" आजोबा लगबगीने लाकडं उचलून आत गेले. पांढरीला शेजारच्या रायलीने घेतलं. रायली गावोगाव टपाल पोचवते.

पुढची सात वर्षं माझं कौतुकच कौतुक झालं. तपासणीवाला म्हणायचा, "असं स्वच्छ पोट या भागात बघायला मिळत नाही." मिळेल कसं? आजोबा माझं तेल वेळेआधी बदलायचे, शरद ऋतूत मला उचलून खालून गंज खरवडायचे. आणि रोज रात्री विर्पी झोपल्यावर, न चुकता, वायर! ती उठायच्या आत काढूनही ठेवायचे. विर्पीला वाटायचं, गाडीच भरवशाची. खरं सांगू? मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

या जानेवारीत आजोबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. ते तीन आठवडे कायानी शहराच्या इस्पितळात. अंगणात मी एकटी. वायर लावायचं काम आपलं आहे हे विर्पीला सात वर्षांत कधी सुचलंच नव्हतं. "ही कशीही उठते," ती म्हणायची. मित्रांनो, ते कौतुकच माझ्या मुळावर आलं. उणे एकोणतीसच्या त्या सकाळी तिने किल्ली फिरवली. मी खर्र केलं. पुन्हा खर्र. मग तेवढंही नाही.

घड्याळात सात वाजून सहा मिनिटं. विर्पीने घड्याळाकडे पाहिलं. "एल्यास," ती म्हणाली, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

तेवढ्यात रस्त्यावर दिवे दिसले. रायली! आणि तिच्याखाली कोण, तर पांढरी! विर्पी हात हलवत धावली.

"काय गं, तुझी हुकमी गाडी रुसली?" रायली काच खाली करून म्हणाली. "बस लवकर. टपाल नंतर वाटू."

"ही सुरू कशी होते तुझी? आमच्या अंगणात तर मेली होती."

"वायरीशिवाय उणे एकतीसात ठेवलंस तिला. मला ठेवलं असतंस तर मीही उठले नसते! सात वर्षांत एकदा अडली नाही, विचार टपाल खात्याला."

एल्यास आजोबांना आठला दोन मिनिटं कमी असताना सुई मिळाली. हे मला संध्याकाळी कळलं, कारण विर्पी माझ्यात बसून वडिलांना फोन लावत होती.

"बाबा, हिरवी निघालीच नाही आज."

पलीकडून आजोबांनी विचारलं, "वायर लावली होतीस?"

"तिला कधी लागली वायर?"

"विर्पी," आजोबा म्हणाले, "तिला पहिल्या सकाळीसुद्धा लागली होती." आणि त्यांनी सगळं सांगितलं. लाकडं, झोप, हात, खांब. "कॉफी होईपर्यंत सांगणार होतो. पण तू इतकी खूष होतीस. मग वाटलं, चूक माझी आहे, तर तिला रोज मीच उठवत राहीन."

मला वाटलं, संपलं, आता मीही भंगारात. पण विर्पी हसायलाच लागली, डोळे पुसत. "सात वर्षं, बाबा? म्हणजे भरवशाची गाडी इस्पितळात आहे होय!"

मित्रांनो, बिनवायरीची मी त्या पहिल्या सकाळी उठले असते का, मला माहीत नाही. बहुतेक नाही. पांढरी माझ्यापेक्षा वाईट नव्हती आणि मी तिच्यापेक्षा चांगली नव्हते. तुमच्याकडेही कोणी रोज पहिल्या हाकेत उठत असेल, गाडी, पंप, नाहीतर आई. त्याला ऊब कोण देतं, एकदा बघून या.

आता आजोबा घरी आलेत, काठी टेकत. पिह्ला सोळा वर्षांची झाली आहे. आत्ताच ती रात्रीच्या कपड्यांवर बूट चढवून बाहेर आली आणि तिने मला वायर लावली. आजोबांनी आतून खिडकीवर टकटक केलं.

"ऊब सुरू व्हायचं खांबावरचं घड्याळ पाचवर लावलंस का?"

"चारवर, आजोबा! उणे तेहेतीस आहे. ही तुमच्यासारखीच, उठायला वेळ लागतो हिला!"

ती पळत आत गेली. थंडी वाढते आहे, पण मला काळजी नाही. उद्या आठला एल्यास आजोबा खिडकीशी बसतील, आणि आम्ही पोचू.