बिननावाची बादली

वजन उतरलं की माणूस सुटसुटीत होतो, हे मला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. माझे चौसष्ट किलो गेले, तीन वर्षं लागली, आणि कातडं तेवढं जागच्या जागी राहिलं. पोटाची घडी मांड्यांवर लोंबायची. ती रुंद पट्ट्यात कोंबून, वरून सैल कपडे घालून मी कामावर जायचे आणि लोक म्हणायचे, "अगं, ओळखूच येत नाहीस!" घडीच्या आत घाम साचायचा, कातडी सोलवटायची, चालताना आग आग व्हायची. न्हाणीघरातला दिवा मी लावतच नसे. अंधारात अंघोळ, अंधारात पावडर, अंधारातच पट्टा.

"ताई, एवढं केलंस ते अंधारात बसायला?" धाकटी बहीण एकदा म्हणाली. मला राग आला, पण दुसऱ्या आठवड्यात मी सर्जनबाईंसमोर बसले होते.

बाईंनी काही लपवलं नाही. कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत व्रण राहील, पोटात नळ्या राहतील, दोन-तीन आठवडे कंबर वाकवूनच चालावं लागेल. मी सगळ्याला मान डोलावली. माझी अट एकच होती. काढलेलं कातडं तपासणीला पाठवायचं नाही, थेट टाकून द्यायचं.

कारण त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी काम करते. ऑपरेशनमध्ये माणसातून जे निघतं ते बादलीतून आमच्याकडे येतं. आम्ही ते मोजतो, कापतो, पातळ काप काचेवर चढवतो आणि आमचे डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघून निदान लिहितात. काही वर्षांपूर्वी असंच कुणाच्या तरी पोटाचं कातडं आलं होतं. "कुणाचं पायपुसणं आलंय?" असं म्हणून सगळ्या लॅबला हसवणारी मीच. तेव्हा मी स्वतः एकशे एकतीस किलोंची होते, म्हणजे बोलायला तोंडच नव्हतं, तरी बोलले. आता तेच टेबल, तीच माणसं आणि बादलीत मी? त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची.

"तपासलेलं बरं असतं," सर्जनबाई म्हणाल्या.

"चांगलं निरोगी कातडं आहे," मी म्हटलं. ज्याच्याकडे वीस वर्षं धड पाहिलं नव्हतं त्याची मी खुशाल हमी दिली. बाई शेवटी नाइलाजाने तयार झाल्या.

ऑपरेशन पार पडलं. खोकला आला की उशी पोटावर दाबून धरायची, हसू आलं की बहिणीला शिव्या द्यायच्या, असे तीन दिवस गेले. दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून डब्यांत लालसर पाणी उतरायचं, ते मोजून बहीण कागदावर लिहायची. दुखत होतं, पण पांघरुणाखाली हात नेला की तिथे सपाट पट्टी लागायची आणि मी पुन्हा पुन्हा हात नेऊन बघायचे.

चौथ्या दिवशी सकाळी काका आले. काका म्हणजे आमच्या लॅबमधले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. जिभेला हाड नाही, पण कुणाला बघायला वॉर्डात येणाऱ्यांतले मुळीच नव्हेत. ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले.

"तुझी बादली मी उघडली," ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. टाकायच्या ढिगात होती. वर नाव नाही, सोबत कागद नाही. बिननावाची बादली मी आजवर टाकली नाही, आता निवृत्त व्हायच्या तोंडावर टाकू? आणि त्या दिवशी असलं ऑपरेशन एकच होतं, हे कळायला काही अक्कल लागत नाही."

"मग सगळ्यांना दाखवून झालं असेल."

"आधी ऐकून घे, बाई." काकांना 'बाई' म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं. "घडीच्या आतल्या अंगाला काळा डाग होता. मसुराच्या दाण्याएवढा, कडा वेड्यावाकड्या. मी काप काढले. डॉक्टरांनी दोनदा बघितले. मेलॅनोमा आहे."

त्वचेचा कॅन्सर, आणि त्यातलाही वाईट. हा शब्द मी कितीतरी लोकांच्या रिपोर्टवर टाइप केलाय, जेवणाच्या सुट्टीआधी हातावेगळा करायचा म्हणून घाईघाईनेही केलाय. आता तो कानावर आला आणि मला त्याचा अर्थच लागेना. "म्हणजे काय?" बहीण विचारत होती. "ताई, म्हणजे काय?"

"खोल गेलेला नाही, वेळेत सापडलाय," काका तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पण डागाच्या कडेनं चांगलं कातडं जेमतेम सुटलंय. तिथलं आणखी कातडं काढायला हवं, तिथवर पोचलाय का ते बघायला त्याच बाजूच्या जांघेतली गाठ तपासायला हवी. आणि बाजू कुठली, तेच कळत नाही."

मला लगेच उमगलं. एरवी सर्जन काढलेल्या तुकड्याच्या एका टोकाला दोरा बांधून देतात, म्हणजे डावं-उजवं समजतं. माझे तुकडे दोन होते आणि टाकूनच द्यायचे म्हणून दोरा न बांधता एका बादलीत गेले होते. सर्जनबाईंना आठवत नव्हतं. आधी काढलेल्या फोटोंत घडीच्या आतलं काही दिसत नव्हतं. हे सगळे दिवे मीच लावले होते.

"डाग आठवतो का?"

"नाही."

"दुसरी एखादी खूण?"

"मी कधी बघितलेलंच नाही, काका."

"मग चल बघायला."

बहिणीने चाकांची खुर्ची ढकलली, नळ्यांचे डबे माझ्या मांडीवर. लॅबमध्ये शिरले तशी सगळी उभी राहिली आणि जो तो आपापल्या हातातल्या कामाकडे बघू लागला. कुणीतरी फालतू विनोद केला असता तर बरं झालं असतं.

पांढऱ्या बोर्डावर दोन तुकडे मांडले होते. औषधात राहून ते करडे पडले होते, आटले होते. मी बघतच राहिले. असे तुकडे मी शेकड्यांनी हाताळलेत, आणि हे त्यांच्यासारखेच होते. माझं म्हणावं असं काही मला दिसेना, आणि त्याचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटली. चुकीची बाजू सांगितली तर चांगली बाजू कापतील आणि वाईट तशीच राहील. "नाही सांगता येत," असं माझ्या ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात काकांनी डागाचा तुकडा पालथा केला. बाहेरच्या अंगावर काळपट ठिपके होते, एकाखाली एक चार. तिसरा जरा बाजूला सरकलेला.

"माझ्या पट्ट्याचे आकडे," मी म्हटलं. माझ्या मापाचा पट्टा दुकानात मिळत नव्हता, म्हणून आकडे मी घरीच शिवले होते. तिसरा तिरका बसला आणि कंटाळ्याने मी तो तसाच ठेवला. दोन वर्षं रोज तो तिथेच रुतत होता. "मी डावखुरी. आकडे कायम डाव्या अंगाला. ही डावी बाजू आहे."

"नक्की?"

बहीण धावत वॉर्डात गेली आणि पट्टा घेऊन आली. काकांनी तो तुकड्याशेजारी धरला. कातडी आटल्यामुळे अंतरं थोडी कमी भरली, पण तिसरा आकडा तिथेच चुकला होता. काकांनी कागदावर 'डावी' लिहिलं, वेळ लिहिली आणि सर्जनबाईंना फोन लावला. परवा सकाळी पुन्हा ऑपरेशन, असं तिथल्या तिथे ठरलं.

बहीण खुर्ची मागे वळवू लागली. मी चाक धरलं.

"उरलेलं कुणी बघितलंय?"

"दुपारी डॉक्टर बघणारच आहेत," काका म्हणाले. "तुला धड बसवत नाहीये."

"एक होता, तर दुसराही असू शकतो. हातमोजे द्या."

पूर्वी माझ्यासाठी ते मुद्दाम आठ नंबरचे मागवायचे. आता काकांनी साडेसहाचं पाकीट फोडलं आणि माझ्यापुढे धरलं. बोटं आत जायला वेळ लागला. मग मी खुर्ची टेबलाला भिडवली, डावा तुकडा उलटा केला आणि एका कडेपासून बोटभर बोटभर बघायला लागले.