भट्टीमागच्या कुऱ्हाडीची खटखट

मित्रांनो, मी एक जुनी, एकेकाळी जाड गालांची असलेली कुऱ्हाड आहे, आणि सध्या मी वैतागलेली आहे. आपली कहाणी सांगताना गोड बोलावं म्हणतात. ते सुरीला जमत असेल. माझा जन्म ओंडके फोडण्यात गेला.

एका लोहाराने मला घडवलं. झाड तोडणारी कुऱ्हाड पातळ असते, लाकडात खोल शिरते. मी तशी नाही. माझे गाल त्याने मुद्दाम फुगीर ठेवले, म्हणजे मी लाकडाला दोन्ही बाजूंना रेटावं आणि ओंडका दुभंगावा. शिरायचं थोडं, रेटायचं फार, हा माझा धर्म.

मला एका पाववाल्याने नेलं. त्याच्या भट्टीला रोज लाकूड लागे. काम झालं की तो मला पुसायचा, दांड्यावर तेलाचा हात फिरवायचा आणि पडवीत सावलीला ठेवायचा. हिच्यामुळे माझी कंबर शाबूत आहे, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. गिऱ्हाइकांना पाव हवा असायचा, पण ती ऐकून घ्यायची.

तो गेला. मुलगा भट्टीच्या तोंडाशी उभा राहिला आणि लाकडं फोडायचं काम सुनेकडे आलं. तिला मी वहिनी म्हणते, कारण तिचा दीर तिला दिवसभर त्याच नावाने हाका मारतो. वहिनीचा घाव नेमका. गाठ चुकवते, ओंडका कडेकडेने सोलत आणते. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे एकच आहे, ती पुढे सांगते.

मोठी तक्रार आहे ती भाऊजींबद्दल, म्हणजे त्या दिराबद्दल. मनाने सोनं. पण मोडकं दिसलं की हा माणूस गप्प बसत नाही, आणि धड दिसलं तरी बसत नाही. एकदा त्यांनी कानस घेऊन माझे गाल घासून घासून पातळ केले.

"आता बघा, वहिनी. दाढी करता येईल."

"मला लाकडं फोडायचीत, भाऊजी. दाढी तुम्ही करा."

त्या दिवसापासून मी ओंडक्यात शिरते आणि तिथेच रुतून बसते. शिव्या मी खाते.

मग त्यांना वाटलं, पडवीत मला गंज चढेल. म्हणून त्यांनी मला भट्टीच्या गरम भिंतीवर टांगलं. माझ्या लोखंडाला बरं वाटलं, पण लाकडी दांडा सुकून आक्रसला आणि माझ्या नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, हलू लागला. त्यावर उपाय म्हणून भाऊजींनी मला बादलीत बुडवलं. दांडा फुगला, घट्ट झाला. रात्री पुन्हा भिंतीवर. सकाळी आधीपेक्षा ढिला. पुन्हा बादली. दिवसा आंघोळ, रात्री शेक, बाळंतिणीसारखे लाड चालले होते माझे. शेवटी त्यांनी दांड्याच्या माथ्यात खिळे ठोकले. दांडा आतून चिरला.

आता मी घावागणिक खटखट वाजू लागले. याहून जास्त मला बोलता येत नाही. अंगणातच, थोड्या अंतरावर, वहिनीची सासू पीठ चाळत बसायची. शेजारी मळलेल्या पिठाची काठवट. मी निसटले तर कुठे जाणार, हे मला रोज दिसायचं. खट. ऐका. खट. अगं बाई, ऐक. वहिनी थांबायची, माझं डोकं हलवून बघायची आणि म्हणायची, "आजचे पाव होऊ देत." तिच्याबद्दलची तक्रार ती हीच.

परवा मी निसटले. वहिनीच्या हातात नुसता दांडा राहिला. मी सासूबाईंच्या कानाजवळून गेले आणि काठवटीतल्या पिठात रुतले.

सासूबाईंची चाळणी रिकामीच हलत राहिली. मग त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अंगात लोह वाढवा. एवढ्याने भागेल ना?"

वहिनीने हातातला दांडा टाकला. भाऊजी धावत आले.

"भंगारात घाला ती. जुनी झाली."

"तिचं काय चुकलं? आठवडाभर वाजत होती. मी ऐकत होते."

"मग दुसरी आणतो."

"आणि दुसरीलाही भिंतीवर टांगाल."

वहिनीने पिठातून मला उपसलं आणि म्हणाली, "आज भट्टी बंद. आधी हे. तुम्ही पाचर तासा, भाऊजी. कोरड्या लाकडाची. आणि खिळ्यांना हात लावाल तर याद राखा."

तिने पक्कड घेऊन सगळे खिळे उपटले. वाळलेल्या, सरळ रेघांच्या लाकडाचा दांडा तासला. तो टोकाला जरासा वाकडा झाला, पण तिच्या हाताला चालतो. दांडा नेढ्यात घालून तिने मला खाली लोंबकळत धरलं आणि दांड्याच्या वरच्या टोकावर ठोके घातले. ठोके वर पडतात आणि मी आपली दांड्यावर चढत घट्ट बसते. मग माथ्यात पाचर. भाऊजींच्या पहिल्या पाचरी फुकट गेल्या, पण त्या दिवशी त्यांना कुणी हसलं नाही.

"आई, तुम्ही आत बसा."

"बसते. आधी तिचं डोकं हलवून दाखव."

वहिनीने हलवलं. सासूबाईंनी स्वतः हलवलं. मग भाऊजींना हलवायला लावलं. मी जागची हलले नाही. तेव्हा कुठे त्या पाट उचलून आत गेल्या.

माझे गाल गेले ते गेले. मी अजून ओंडक्यात रुतते आणि मला अजून राग येतो. पण मित्रांनो, रुतलेल्या कुऱ्हाडीने माणूस दमतो, ढिलीने मरतो. तुमच्या घरी कुऱ्हाड नसेल. डुगडुगणारी शिडी असेल, कुरकुरणारा पंखा असेल, ब्रेक दाबला की किंचाळणारी सायकल असेल. तिला तोंड नाही, तरी ती सांगते आहे. हातातलं काम थांबवा आणि आधी तिचं बघा.

त्या दिवशी गिऱ्हाइकं पावाशिवाय परत गेली. दारात उभं राहून बरंच काही बोलली. सासूबाईंनी आतून दोन्ही शाबूत कानांनी सगळं ऐकलं.