चौदा नंबरचा पत्ता

कॉम्प्युटर नेटवर्कच्या पहिल्याच तासाला नागसेन सरांनी पोरांना बजावून सांगितलं होतं: या लॅबमध्ये ज्याचा जो रोल नंबर, तोच त्याच्या मशीनचा पत्ता. पत्त्यातले पुढचे आकडे सगळ्यांचे सारखे, शेवटचा तेवढा आपापला. एकाच पत्त्यावर दोन मशीनं आली की आधी आलेलं टिकतं आणि मागून येणारं बाहेर पडतं. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या त्या कॉलेजात बीसीएच्या पहिल्या वर्षाला निम्मी पोरं अशी, की कॉलेजात येईपर्यंत त्यांनी कॉम्प्युटर फक्त फोटोकॉपीच्या दुकानात पाहिलेला. पण ही गोष्ट सगळ्यांना कळली.

अंजूचा नंबर चौदा. तिला हा विषय पहिल्या दिवसापासून लागला, जसा एखाद्याला गाण्याचा नाद लागतो. केबलमधल्या आठ रंगीत तारा ओळीनं लावून टोकाला क्लिप दाबायची, तर अंजूची केबल पहिल्या झटक्यात चालायची. शेजारी बसणाऱ्या समीक्षाची कधीच चालायची नाही. मग अंजू आपलं काम सोडून तिची केबल कापायची, परत लावायची, तिच्या मशीनचं दुखणं काढायची. वर्षभर इतक्या वेळा काढलं, की समीक्षाच्या मशीनच्या नेटवर्क कार्डावर कंपनीनं घातलेला तो लांबलचक नंबरसुद्धा अंजूला पाठ झाला होता.

आणि करणार नाही तर काय? दोघी कटंगीजवळच्या एकाच गावच्या, आणि दोघींनी भुजली बदललेली. त्या भागात राखीच्या आधी बायका टोपलीत गहू पेरतात, अंधारात वाढवतात, आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी ते पिवळे कोंब तळ्यात विसर्जन करायला नेतात. त्यातलेच चार कोंब ज्या मैत्रिणीच्या कानावर खोचले, ती जन्माची भुजली. मग एकमेकींना नावानं हाक मारायची नाही, भुजलीच म्हणायचं. भुजलीची चुगली करायची नाही, अगदी आईपाशीसुद्धा नाही. सख्ख्या बहिणीची केली तर एक वेळ चालतं. आठवीपासून अंजूच्या तोंडून समीक्षाचं नाव निघालेलं नव्हतं.

वर्षाच्या शेवटी सरांनी सांगितलं, की नागपूरच्या एका संस्थेत उन्हाळ्यातलं ट्रेनिंग आहे, राहणंखाणं त्यांचं, आणि आपल्या कॉलेजला एकच जागा आहे. प्रॅक्टिकलला ज्याचं काम सगळ्यात चांगलं, तो जाईल. त्या दिवसापासून अंजूला दुसरं काही सुचेना. नागपूर तिनं एकदाच पाहिलं होतं, तेही मामाला दवाखान्यात डबा द्यायला. आता तिथं जायचं ते शिकायला. तिनं आपल्या मशीनवर कटंगीच्या आठवडी बाजाराचं एक वेबपेज बनवलं. कुठल्या ओळीत कोणतं दुकान लागतं ते त्यात माऊस ठेवताच दिसायचं. सरांनी पाहिलं आणि नुसतेच हसले. सर हसले म्हणजे काम पक्कं, असं सगळे म्हणायचे.

प्रॅक्टिकलच्या दिवशी परीक्षक जबलपूरहून आले. परीक्षकाच्या टेबलावरच्या मशीनमधून एकेकाचा पत्ता टाकायचा आणि त्याचं पेज उघडायचं, अशी परीक्षा. ज्याच्या त्याच्या पत्त्यावर पेज नसेल, तर शून्य. सुरुवातीला सरांनी सगळ्यांना मशीन बंद करून पुन्हा चालू करायला लावलं. अंजूचं मशीन चालू झालं आणि पडद्याच्या कोपऱ्यात पाटी आली: हा पत्ता नेटवर्कवर दुसरं मशीन वापरत आहे.

तिला आधी हसूच आलं. महिन्याभरापूर्वी वर्गातल्या किरनापूरच्या कुशलची हीच गंमत तिनं आणि समीक्षानं केली होती. त्याचा पत्ता आपल्या मशीनवर घालून त्याला ताटकळत ठेवलं होतं. युक्ती अंजूची, आणि ती कशी करायची ते समीक्षाला शिकवलंही तिनंच. कुशल आज उट्टं काढतोय, असं तिला वाटलं. तिनं आपल्या मशीनला घटकाभर एक रिकामा पत्ता दिला आणि चौदावर बसलेल्या मशीनच्या कार्डाचा नंबर काढून पाहिला.

तो नंबर तिला पाठ होता.

तिनं मान वळवली. परीक्षेसाठी समीक्षाला मागच्या रांगेत बसवलं होतं. ती खाली मान घालून कीबोर्डाकडे बघत होती. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात, तो असा. पण टोणगा झाला तर निदान म्हशीनं मुद्दाम केलेलं नसतं.

"चौदह नंबर," परीक्षक म्हणाले. "पिंग तो जा रहा है. पेज कहाँ है?" म्हणजे त्या पत्त्यावर मशीन सापडत होतं, पेज तेवढं नव्हतं.

नागसेन सरांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांना काय ते उमगलं. ते अंजूच्या खुर्चीशी वाकले. "चौदावर दुसरं कोनी बसून हाये," ते हळूच म्हणाले. "तुले मालूम असन. नाव सांग फक्त. मी परीक्षकायले थांबवतो."

एक नाव. तेवढं सांगितलं असतं तर नागपूर तिचं होतं. अंजूनं तोंड उघडलं आणि तिला तळ्याकाठी कानाला झालेला कोंबांचा ओला स्पर्श आठवला. मनात आलं, हिलाही जायचं असेल नागपूरला. माझ्याजवळ बोलायला लाजली असेल. सांगितलं तर हिला परीक्षेतून उठवतील, गावात नाव जाईल.

"माझ्याच हातून काही चुकलं असन, सर," ती म्हणाली.

परीक्षकांनी शून्य टाकलं आणि ते पुढच्या नंबराकडे वळले. थोड्या वेळानं पडद्यावरची पाटी आपोआप गेली, कारण समीक्षानं आपला पत्ता परत घातला होता. जागा कुशलला मिळाली. तो स्वतःच इतका चकित झाला, की सरांना दोनदा विचारून आला.

समीक्षा जिन्याखाली थांबली होती. अंजू खाली येताच तिनं तिचा हात धरला. "भुजली, जाऊ दे वं. कुशललेच भेटली ना सीट."

"तुले पाह्यजे होती का?" अंजूनं विचारलं. "मले सांगतली असती तं म्या सोडली असती."

"मले कायले पाह्यजे? मले तं केबलबी लावता येत नाही." समीक्षा मोकळेपणानं हसली. "तू नागपूरले गेली असती तं वापस आली नसती. कोनीच येत नाही. मंग म्या कोनासंग येऊ-जाऊ? मले कोन शिकवन? आता आपन दोघी इथंच राहू."

हिनं जागा घेतली असती तर सहन झालं असतं. आपल्याला हवं ते दुसऱ्यालाही हवं असतं, त्यात काय. पण हिला जागा नकोच होती. हिला फक्त अंजू जायला नको होती.

"म्या नाव सांगतलं असतं तं?"

"तू कायले सांगशीन?" समीक्षा म्हणाली, जणू यात विचारण्यासारखं काहीच नव्हतं. "भुजली आहो ना आपन."

म्हणजे हिशेब तिथून धरला होता. अंजूनं मघाशी जे सोसलं, ते सोसेल हे हिला आधीच ठाऊक होतं, आणि त्याच्याच जोरावर हिनं केसानं गळा कापला. अंजूनं आपला हात सोडवून घेतला आणि जिना चढून परत लॅबमध्ये गेली. समीक्षा मागून हाका मारत आली.

परीक्षक स्टेशनकडे निघून गेले होते. नागसेन सर एकेक मशीन बंद करत होते.

"सर, माझ्या पत्त्यावर समीक्षा मेंढे बसली होती."

सर थांबले. "आता सांगून का फायदा, बेटा? मार्क तं सीलबंद होऊन गेले."

"हौ सर, मालूम आहे," अंजू म्हणाली. "मार्कासाठी नाही आली मी."

समीक्षा दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. अंजूनं दप्तर उचललं आणि तिच्या बाजूनं निघून गेली. त्या दिवशी ती एकटीच कटंगीच्या बसला उभी राहिली.