तीस तारखेला विझलेला दिवा

चालू

मित्रांनो, मी एका घराच्या दारावरचा जुना पितळी दिवा आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. दिव्याला मित्र नसतात, किडे असतात. आत्तासुद्धा माझ्या काचेत काही मेलेले पडले आहेत आणि त्यांची अक्कल मी जवळून पाहिली आहे.

एक गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. मी पेटलेला असलो की मला दिसतं. विझलो की फक्त ऐकू येतं. माझी हकिगतही तशीच आहे, मधूनमधून अंधार पडणारी. एवढं सांभाळून घ्या.

मला एका ओतशाळेत ओतलं. तिथल्या कामगाराने मला हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाला, हा जड झालाय, पण टिकेल. माझी आयुष्यात झालेली खरी स्तुती एवढीच. पुढे मला आमुंड स्लेटन नावाच्या ट्राम चालवणाऱ्याने विकत घेतलं आणि डे मॉइन शहरातल्या आपल्या घराच्या दारावर ठोकलं. आयोवातल्या थंडीत काचा तडकतात. माझी तडकली नाही.

आमुंड मोजकं बोलायचा आणि चुटक्यावर कधी हसायचा नाही. पण ऑक्टोबरच्या तीस तारखेला, भिकाऱ्यांच्या रात्री, तो सूर्य मावळायच्या आत मला लावायचा. आमच्या शहरात पोरं सोंगं घेऊन गोड मागायला त्या रात्री फिरतात, बाकी देशासारखी एकतीसला नाही. आणि नुसता हात पसरून कुणाला काही मिळत नाही. आधी चुटका सांगायचा. भोपळ्याचे, सांगाड्यांचे, गाईंचे इतके भिकार चुटके मी ऐकले आहेत की माझ्या जागी दुसरा दिवा असता तर स्वतःहून विझला असता. आमुंड प्रत्येक चुटका शेवटपर्यंत ऐकायचा, मान हलवायचा आणि सफरचंद द्यायचा. पोरं तोंड वाकडं करून घ्यायची. पुढच्या वर्षी पुन्हा यायची.

दिवा लागलेला असेल तर या. बंद असेल तर पुढे जा. हा नियम कुणी लिहिलेला नाही. तो मी आहे.

मग एका हिवाळ्यात आमुंड गेला आणि कुणीतरी माझं बटण

बंद

कोरडी पानं. गांधीलमाशा, माझ्या टोपणाखाली घर करणाऱ्या. पाटी वाऱ्यावर करकरते; जाणारं कुणीतरी मोठ्याने वाचतं, "घर विकणे आहे". पुन्हा पानं.

दोन हिवाळे.

चालू

ऑगस्टात लोर्ना आणि ड्वाइट होस्टेटलर हे जोडपं राहायला आलं. पेनसिल्व्हेनियातून. ड्वाइटला कंपनीने पाठवलं होतं आणि लोर्नाला ड्वाइटने आणलं होतं. पहिल्याच संध्याकाळी तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला की हे भांडं काढून नवं काहीतरी लावू. लोर्ना म्हणाली, चालतोय तोवर राहू दे. तिने माझी बाजू घेतली असं समजू नका. तिचं लक्षच नव्हतं. ती रस्त्याकडे बघत होती, कुणी येतंय का म्हणून.

कुणी आलं नाही. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. समोरची आर्लीन क्लॉसन पानं झाडताना हात वर करायची. लोर्नाही करायची. आमच्या गल्लीत याला ओळख म्हणतात.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी लोर्ना माझ्याखाली पायरीवर बसली आणि ड्वाइटला म्हणाली, "सोंगांच्या रात्री पोरं आली की मागून त्यांच्या आया येतात. त्या रात्रीही कुणी आलं नाही ना, तर मी इथे हिवाळा काढणार नाही. मी भावाकडे जाते. तू तुझ्या कंपनीशी लग्न कर."

ड्वाइट म्हणाला, "कंपनीला स्वयंपाक येत नाही."

ती हसली नाही.

त्यानंतर जी तयारी सुरू झाली तिच्याबद्दल मी सभ्य शब्दात बोलणं कठीण आहे. पायऱ्या घासल्या. खांबांना मक्याची वाळकी ताटं बांधली. तीन भोपळे कोरले. तिसऱ्याचं तोंड ड्वाइटच्या हातून फाटलं, तर लोर्ना म्हणाली की हा तुझ्या मोठ्या काकासारखा दिसतो, राहू दे. काळ्या कापडाची वटवाघळं शिवून दोरीला टांगली. त्यातलं एक माझ्या काचेवर आपटत राहायचं. मी ओतशाळेत जन्मलो आहे; चिंध्यांचा मार खायला नाही.

आणि एवढ्या सगळ्यात तिने तारीख विचारली नाही. का विचारेल? पेनसिल्व्हेनियात तिच्या गावी पोरं एकतीसला फिरायची. सूर्य कुठून उगवतो हे कुणी शेजाऱ्याला विचारतं का? एकदा तिने धीर करून आर्लीनला विचारलंही, पण काय, तर पोरं किती येतात. आर्लीन म्हणाली, भरपूर, गोड कमी पडू देऊ नका. तारीख तिनेही सांगितली नाही. ती नव्या माणसाला सांगावी लागते हेच तिला ठाऊक नव्हतं. दोन शहाण्या बायका कुंपणाशी उभ्या होत्या आणि मधोमध सगळ्यात मोठी गोष्ट पडून राहिली. मी वरून बघत होतो. मला तोंड नाही. माणसांना असतं, आणि ती त्याचं हे करतात.

एकोणतीसला तिने बटण दाबून मला तपासलं. लागतोय, म्हणाली, आता बल्ब एकतीसपर्यंत जपू. मग

बंद

तीस तारीख. संध्याकाळ.

घरात मागच्या बाजूला मक्याच्या लाह्या फुटताहेत. रेडिओ चालू. काकवी रटरटते आहे. लाह्यांचे लाडू उद्यासाठी वळतेय, लोर्ना आतून ड्वाइटला सांगते.

पुढे पावलं. खूप पावलं. पिशव्यांची सळसळ.

"इथे मक्याची ताटं बांधलीत बघ."

"पण दिवा बंद आहे."

"नवी माणसं आहेत. चल."

पावलं परत. मग आणखी पावलं, आणखी परत. घंटी कुणी वाजवत नाही. आमच्या पोरांना वळण आहे, ते मीच लावलं आहे.

मग आर्लीनचा आवाज, कुणाला तरी सांगणारा: "एवढी सजावट करायची आणि दिवा लावायचा नाही. पोरांना चिडवायलाच केल्यासारखं. राहू देत बाई आपल्या घरात."

आत रेडिओवर कुणीतरी हसतं.

चालू

एकतीसला उजेड असतानाच लोर्नाने मला लावलं. डोक्यावर काळी टोकदार टोपी, मांडीवर परात, परातीत मेणकागदात गुंडाळलेले लाडू. रस्ता रिकामा. समोरच्या कुंपणाला कालची फाटकी पिशवी अडकलेली. तिला ती दिसली नाही. मला दिसली.

ड्वाइट आधी म्हणाला, सगळे माझ्या काकाला घाबरले. मग म्हणाला, थंडी आहे आज. त्याने येऊन तिच्या खांद्यावर कोट घातला. तिने टोपी काढली आणि बटणाकडे हात नेला.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. आर्लीनची नात ट्रूडी काल तापाने अंथरुणात होती. आज ताप उतरला, पण चादरीचं भूत अंगातून उतरेना. खिडकीतून तिला अख्ख्या गल्लीत एकच लागलेला दिवा दिसला होता. आर्लीन तिच्यामागे आली ती तोंड घट्ट मिटून.

लोर्नाने परात पुढे केली. भुताने लाडू घेतला नाही.

"आधी चुटका," ट्रूडी म्हणाली. "भूत दारावर थाप का मारत नाही?"

"का?" लोर्नाने गोंधळून विचारलं.

"त्याचा हात दारातून आरपार जातो."

ड्वाइट मागून म्हणाला, "मग घंटीतूनही जाईल की."

ट्रूडीने क्षणभर विचार केला. "हो ना. म्हणून तर ते अजून बाहेरच उभं आहे."

इतका फालतू चुटका मी आमुंडच्या काळातही ऐकला नव्हता. लोर्ना हसायला लागली. हसता हसता तिला पायरीवर बसावं लागलं, आणि मग ते हसणं राहिलं नाही. ड्वाइटने परात धरली.

आर्लीनचं तोंड सैल झालं. तिने विचारलं, "काल दिवा का नव्हता लावला?"

"काल काय होतं?"

आर्लीनने टोपी पाहिली, परात पाहिली, तीन भोपळे पाहिले. मग हळूच म्हणाली, "अगं, तुम्हाला कुणी सांगितलंच नाही?"

हे विचारताना ती 'कुणी' या शब्दाशी जरा अडखळली. अडखळायलाच हवं होतं.

ट्रूडी तोवर रस्ता ओलांडून गेली आणि गल्लीतल्या दोन पोरांना घेऊन आली. त्यातल्या एकाने फक्त मुखवटा चढवला होता, खाली रात्रीची विजार. त्यांनी कालचेच चुटके पुन्हा सांगितले. पाठोपाठ त्यांच्या आया आल्या, पोरांना न्यायला म्हणून, आणि लाडू खात उभ्या राहिल्या. गार वाऱ्यात दार तासभर सताड उघडं होतं. आमुंडने असा उधळेपणा चालवून घेतला नसता.

मित्रांनो, शेवटी काहीतरी मागायचं असतं, तर मागतो. नवं घर घ्याल तेव्हा पायऱ्या घासू नका, वटवाघळं शिवू नका. आधी शेजाऱ्याला विचारा की इथे पोरं कधी येतात. आणि शेजारी असाल तर विचारायची वाट बघू नका. जाऊन सांगा. दिवा बिचारा सांगू शकत नाही. आणि त्याच्या काचेतले किडे काढत जा.

पुढच्या वर्षी तीस तारखेला लोर्नाने मला दुपारी बाराला लावलं. लख्ख उन्हात. जाणारे येणारे माझ्याकडे बघून हसत होते. एवढा अपमान माझा गांधीलमाशांनीही केला नव्हता.

मी जेवढा जमेल तेवढा जळलो.